ओव्हनशिवाय हॅलोवीनचा खाऊ, मुलांना हाताशी घेऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर संपत आला की हे प्रश्न सुरू होतात. वर्षानुवर्षं मुलांसोबत हा खाऊ करताना जे कळत गेलं, जे फसलं आणि जे हमखास जमतं, ते इथे एका जागी लिहून ठेवलं आहे.

ओव्हन नसला तर अडतं का?

अजिबात नाही. मुलं लहान असतील तर ओव्हन नसलेलाच बरा. भाजायचा पदार्थ म्हटलं की मुलं पाच मिनिटं पीठ कालवतात आणि पुढचा पाऊण तास "झालं का?" विचारत बसतात. न भाजता करायच्या खाऊत काम त्यांच्या हातातून सुटतच नाही. बिस्किटं चुरायची, चॉकलेटमध्ये बुडवायचं, डोळे चिकटवायचे, पाय खोचायचे.

शिवाय हॅलोवीनची चित्रं मुळात सोपी आहेत. पांढऱ्या वस्तूवर दोन काळे ठिपके आले की भूत झालं. नारिंगी गोळ्यावर हिरवं देठ आलं की भोपळा, आणि काळ्या गोळ्याला आठ पाय फुटले की कोळी. तीन वर्षांच्या मुलालाही आपण काय केलं ते ओळखू येतं, आणि तो आनंद फार मोठा असतो.

पहिल्यांदाच करतोय. सुरुवात कशाने करू?

फळांनी. काही वितळवायचं नाही, काही गोठवायचं नाही, दहा मिनिटांत ताट भरतं.

संत्र्याच्या जातीचं लहान, सहज सोललं जाणारं फळ घ्या. ते अख्खं सोला, पांढऱ्या शिरा काढा आणि वरच्या खळग्यात सेलरीच्या दांड्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा खोचा. भोपळा तयार. सोलायचं काम मुलांनाच द्या, साल तुकड्यातुकड्यांनी निघाली तरी काही बिघडत नाही.

केळ्याचं भूत याहून सोपं. केळं मधोमध आडवं कापायचं, कापलेली बाजू खाली ठेवून उभं करायचं, टोकाकडे चॉकलेट चिप्सचे दोन डोळे आणि खाली एक मोठी चिप तोंड म्हणून दाबायची. भुताचं तोंड नेहमी "ऊऽऽ" म्हणत असतं, त्यामुळे चिप जराशी वाकडी बसली तर ते जास्तच खरं वाटतं.

सफरचंदाच्या फोडीत खाच पाडून तिला पीनट बटर लावलं आणि त्यात बदामाचे उभे काप दातांसारखे बसवले, की राक्षसाचा जबडा होतो. सुरी मोठ्यांच्या हातात, दात बसवणं मुलांच्या.

केळं आणि सफरचंद काळं पडतं. काय करावं?

फळ कापलं की आतल्या एन्झाइमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येतो आणि रंग बदलतो. लिंबाचा रस चोळला की हे बरंच मंदावतं, कारण आम्लात ते एन्झाइम नीट काम करत नाही. अननसाचा रसही चालतो आणि मुलांना त्याची चव जास्त आवडते. तरीही फळांची भुतं तासभर आधीच करा, सकाळी करून संध्याकाळी मांडू नका.

कुठल्या वयाच्या मुलाला काय काम द्यावं?

दोन-तीन वर्षांच्या मुलाला बिस्किटं जाड पिशवीत घालून लाटण्याने चुरायला द्या. एवढं एकच काम ते वीस मिनिटं मन लावून करतं. चार-पाच वर्षांची मुलं डोळे लावणं, शिंपडणं, थंड मिश्रण ढवळणं आणि गोळे वळणं छान करतात. सहा-सात वर्षांपुढे मापं घेणं जमतं, आणि अर्धा कप व पाव कप यांचा हिशोब तिथे आपोआप शिकला जातो. नऊ-दहाच्या मुलाला शेजारी उभं राहून मायक्रोवेव्ह हाताळू द्यायला हरकत नाही.

गरम मार्शमेलो आणि गरम साखर मात्र कुठल्याच वयाच्या मुलाच्या हाती नको. ती कातडीला चिकटून बसते, म्हणून भाजणं खोल जातं. कुणाला चटका बसलाच तर भाजलेली जागा लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरा, वीस मिनिटं. बर्फ लावू नका, लोणी-तूप तर नकोच. भाजणं मोठं असेल, तोंडावर किंवा हातावर असेल किंवा फोड आला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

चॉकलेट वितळवताना एकदम दाटून रवाळ गोळा होतो. असं का होतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर जवळजवळ दर वेळी एकच असतं: पाणी गेलं.

चॉकलेट म्हणजे चरबीत विखुरलेले साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात पाण्याचे दोन-चार थेंब पडले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गुळगुळीत चॉकलेटचा चिखल होतो. ओला चमचा, नुकतंच धुतलेलं भांडं, झाकणावरून ओघळलेली वाफ, एवढंही पुरतं. मुलं सोबत असली की आणखी एक कारण वाढतं, ते म्हणजे ओले हात आणि न पुसलेल्या स्ट्रॉबेऱ्या. म्हणून आमच्याकडे चॉकलेट काढण्याआधी एका मुलाची नेमणूक "कोरडं अधिकारी" म्हणून होते. हातात फडकं घेऊन ते प्रत्येक चमचा, वाटी आणि फळ पुसतं. हे पद मिळवण्यासाठी भांडणं होतात.

दुसरं कारण जास्त उष्णता. पांढरं आणि मिल्क चॉकलेट पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये, त्यातलं दूध करपतं आणि मिश्रण जाडसर होतं. डार्क चॉकलेट पन्नासपर्यंत सहन करतं. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर तीस-तीस सेकंद ठेवा आणि दर वेळी बाहेर काढून ढवळा. तुकडे आकार धरून ठेवतात, त्यामुळे न वितळल्यासारखे दिसतात आणि आपण फसतो. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा, बाकीचं ढवळताना आतल्या उष्णतेनेच वितळतं. गॅसवर करायचं असेल तर पातेल्यात दोन बोटं पाणी हलकं उकळत ठेवून वर काचेचा वाडगा बसवा, त्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका.

गोळा झालाच तर तो टाकू नका. चमचाचमचा कडकडीत पाणी किंवा गरम क्रीम घालत घोटत राहा, मिश्रण पुन्हा सैल आणि चकचकीत होतं. ते आता वाळून कडक होणार नाही, त्यामुळे बुडवण्याच्या उपयोगाचं नाही. पण फळांवर ओतायला किंवा दुधात घालायला उत्तम.

चॉकलेट वाळल्यावर पांढरे पट्टे येतात आणि हाताला चिकटतं. टेम्परिंग करायलाच हवं का?

खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं आणि ते एका ठरावीक स्फटिकरूपात गोठलं तरच कडक, चमकदार होतं. त्यासाठी तापमान वर-खाली करत नेमकं साधावं लागतं, यालाच टेम्परिंग म्हणतात. पाच मुलं ओट्याभोवती असताना हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोपा मार्ग कंपाउंड चॉकलेटचा. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, ते नुसतं वितळवलं की आपोआप नीट गोठतं. चव थोडी उणी, पण भुतं खणखणीत उभी राहतात. खरं चॉकलेटच हवं असेल तर बुडवलेला खाऊ लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

पांढऱ्या चॉकलेटला नारिंगी किंवा हिरवा रंग कसा द्यायचा?

चॉकलेटसाठीचे तेलात विरघळणारे रंग वेगळे मिळतात, तेच घ्या. साध्या द्रव आणि जेल रंगांत पाणी असतं, त्याने वर सांगितलेला चिखल होतो. नारिंगीसाठी लाल आणि पिवळा मिसळायला मुलांना द्या, रंग हळूहळू उमटताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. हिरव्यासाठी माचा या जपानी हिरव्या चहाची पावडर आणि गुलाबीसाठी बीटाची कोरडी पावडर चालते, कारण दोन्हींत पाणी नाही. काळा रंग पांढऱ्यातून काढू नका. ढीगभर रंग लागतो आणि सगळ्यांच्या जिभा काळ्या होतात. सरळ डार्क चॉकलेटपासून सुरुवात करा.

काळ्या रंगासाठी कोळशाची पावडर वापरण्याची टूम आहे. मुलांच्या खाऊत ती घालू नका. ती पोटातली औषधं शोषून घेते, आणि पाहुण्या मुलांपैकी कोण कुठलं औषध घेतं ते आपल्याला ठाऊक नसतं.

कमी मेहनतीत पुष्कळ मुलांना पुरेल असं काय करता येईल?

मार्शमेलोत घोळवलेल्या कुरकुरीत तांदळाच्या सिरियलच्या वड्या. ही कृती अमेरिकेत १९३९ साली केलॉग्ज कंपनीत काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी बसवली आणि तिचं आजचं रूढ प्रमाण असं आहे: तीन मोठे चमचे लोणी, साधारण २८० ग्रॅम मार्शमेलो, सहा कप सिरियल. लोणी मंद आचेवर वितळवायचं, मार्शमेलो घालून विरघळेपर्यंत ढवळायचं, आच बंद करून सिरियल मिसळायचं. आच मोठी ठेवली तर वड्या दुसऱ्या दिवशी दगडासारख्या होतात. थापतानाही दाबून बसवू नका, हलक्या हाताने पसरा.

मिश्रण कोमट झालं की मुलांच्या तळव्यांना लोणी लावा आणि खेळ सुरू करा. नारिंगी रंग घातला असेल तर गोळे वळून भोपळे, हिरवा असेल तर चौकोनी राक्षस. रंग मार्शमेलो विरघळल्यावर आणि सिरियल घालण्याआधी मिसळायचा. इथे साधा जेल रंग चालतो.

आणि जरा मेहनतीचं, पण बघणाऱ्याने थक्क व्हावं असं?

राक्षसांचे डोळेवाले गोळे. माझा सगळ्यात लाडका प्रकार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्रीम भरलेली ३६ चॉकलेट बिस्किटं क्रीमसकट बारीक चुरा. त्यात खोलीच्या तापमानाला आणलेलं २२५ ग्रॅम क्रीम चीज घालून हाताने मळा. हे मळणं मुलांचं, आणि ते कोपरापर्यंत काळे होतात याची तयारी ठेवा. सुपारीएवढे गोळे वळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग काट्यावर घेऊन रंगीत पांढऱ्या चॉकलेटमध्ये बुडवा, जास्तीचं निथळू द्या आणि बटर पेपरवर ठेवा.

आता घाई. थंड गोळ्यावर चॉकलेट मिनिटभरात सुकतं, म्हणून दोन-दोन गोळेच बुडवायचे आणि लगेच डोळे लावायचे. मोठ्यांनी बुडवायचं, मुलांनी डोळे लावायचे, अशी रांग लावली की काम छान चालतं. गोळे फ्रीझरमधून थेट बुडवले तर वरचा थर तडकतो. एका वर्षी आमचे सगळे राक्षस असेच तडकले होते. मुलांनी त्यांना "जखमा" म्हणून लाल रेघा काढल्या आणि आता दर वर्षी तीन-चार जखमी राक्षसांची मागणी असते.

साखरेचे डोळे विकत मिळाले नाहीत तर आदल्या दिवशी घरी करा. १०० ग्रॅम पिठीसाखरेत छोट्या चमच्याने दोन-अडीच चमचे पाणी, एवढं घट्ट की ठिपका पसरू नये. बटर पेपरवर पांढरे ठिपके, वर चॉकलेटचा काळा ठिपका, आणि रात्रभर उघड्यावर वाळवायचे.

मार्शमेलो आणि गमी गांडुळं शाकाहारी असतात का?

बहुतेक नाहीत. दोन्हींत सहसा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात. वनस्पतीजन्य मार्शमेलो आणि पेक्टिन घातलेल्या गमी मिळतात, पाकिटावरचा घटकांचा मजकूर वाचून घ्या. असे मार्शमेलो वितळायला हट्टी असतात, त्यांना जरा जास्त लोणी आणि वेळ द्या.

थरथरणारी जेली करायची असेल तर अगर-अगर वापरा, ते समुद्री शेवाळापासून बनतं. अर्धा लिटर फळांच्या रसाला त्याची दोन सपाट छोटे चमचे पावडर घालून दोन मिनिटं उकळायचं. ते ३५ ते ४० अंशांच्या आसपास, म्हणजे खोलीतच, गोठतं आणि टेबलावर वितळत नाही. जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस किंवा किवी घातला तर ती गोठतच नाही, कारण त्यांतलं एन्झाइम जिलेटिन तोडतं. अगर-अगरला त्याचा त्रास नाही.

न भाजता कुकीचं कच्चं पीठ खायला द्यायचं का?

नको. कच्च्या अंड्याचा धोका सगळ्यांना माहीत असतो, पण कच्चा मैदाही तितकाच धोक्याचा आहे. त्यात ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जंतू असू शकतात. मैदा घरी भाजून घेतला की तो सुरक्षित होतो, असं धरून चालू नका. तोच पोत हवा असेल तर बिस्किटांचा चुरा, किंवा पाकिटावर थेट खाता येतात असं लिहिलेले ओट्स घ्या.

घशात अडकण्याची भीती कशाकशाची?

इथे थोडी सक्ती करा. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न, अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, मार्शमेलो आणि कडक गोळ्या देऊ नयेत. साखरेचे विकतचे डोळेही कडक गोळ्याच आहेत. द्राक्षं उभी चार भागांत चिरा, आडव्या गोल चकत्या नकोत. पीनट बटर चमच्याने देण्याऐवजी पातळ पसरून द्या. मध एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि खाताना मुलं बसलेली हवीत. भुताच्या चादरीत पळत पळत खाणं हा हॅलोवीनचाच खास धोका आहे.

येणाऱ्या एखाद्या मुलाला ॲलर्जी असेल तर?

आधी आईवडिलांना विचारा, नुसतं "काही चालत नाही का?" असं नको. शेंगदाणे, इतर सुकामेवा, दूध, अंडी, गहू, सोया, तीळ अशी नावं घेऊन विचारा. उत्तर वेगळं येतं. त्या मुलासाठीचा खाऊ सगळ्यांच्या आधी, स्वच्छ भांड्यांत करा. त्याहून चांगलं म्हणजे सगळा खाऊच त्याला चालेल असा ठेवा, म्हणजे कुणाचं ताट वेगळं पडत नाही.

अमेरिकेत यासाठी एक सुंदर खूण रुळली आहे. दाराशी मोरपिशी रंगाचा भोपळा दिसला की समजायचं, या घरी खाण्याव्यतिरिक्तही भेट मिळेल, स्टिकर, पेन्सिल, उसळता चेंडू वगैरे. २०१२ मध्ये टेनेसी राज्यात हे सुरू झालं आणि २०१४ पासून अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या फेअर या संस्थेने ते देशभर नेलं.

घरी केलेला हा खाऊ दारावर येणाऱ्या मुलांना वाटावा का?

ओळखीच्या घरांतल्या मुलांना, आईवडिलांना सांगून, जरूर. अनोळखी मुलांना बंद पाकिटातलंच द्यावं.

पूर्वी असं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं, ते १९४७ मध्ये उठलं आणि त्यानंतर दारोदार खाऊ मागण्याची चाल जोमाने पसरली. तेव्हा घरचे पॉपकॉर्नचे लाडू, सफरचंदं, बिस्किटं सर्रास मिळायची. पुढे खाऊत विष किंवा ब्लेड घालण्याच्या अफवांनी लोक धास्तावले आणि कारखान्यातली बंद पाकिटं आली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याची एकही सिद्ध घटना त्यांना आढळली नाही. तरी पाकिटाचा आग्रह धरण्याचं एक साधं कारण उरतंच: पाकिटावर घटक छापलेले असतात, आणि ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला तेवढंच हवं असतं.

ड्राय आइसने धूर काढू का?

मुलांच्या पार्टीत नको. तो उणे ७८.५ अंश असतो, हाताला लागला तर कातडी भाजल्यासारखी जाते आणि पेल्यातून तुकडा पोटात गेला तर गंभीर इजा होते. बंद खोलीत त्याचा कार्बन डायऑक्साइडही साठतो.

किती आधी करून ठेवता येतं?

डोळे आठवडाभर आधी. राक्षसांचे गोळे तीन-चार दिवस आधी, फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात. सिरियलच्या वड्या आदल्या दिवशी, त्या फ्रिजमध्ये नकोत, कडक होतात. फळं अगदी शेवटी. क्रीम चीज, पुडिंग, दही असलेला खाऊ टेबलावर दोन तासांहून जास्त ठेवू नका, हवा फार उष्ण असेल तर एकच तास. म्हणून सगळा एकदम मांडण्यापेक्षा अर्धा आत ठेवून नंतर आणा.

चॉकलेटचा खाऊ फ्रिजमधून काढल्यावर त्यावर दव धरतं. डबा झाकलेलाच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

आमच्या घरी कुत्रा आहे. काही काळजी?

हो. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) कुत्र्याला विषारी असतात. काही साखरविरहित पीनट बटरमध्ये झायलिटॉल असतं. जमिनीवर सांडतंच, तेव्हा तेवढा वेळ कुत्रा दुसऱ्या खोलीत बरा. काही खाल्लंच तर वाट न बघता पशुवैद्यांना फोन करा.

मूल भुतांना घाबरतं. मग?

मग भुताला हसरं तोंड काढा, किंवा त्यालाच विचारा की भूत आज खूश आहे का. एक चार वर्षांची मुलगी ताटाजवळच यायला तयार नव्हती. तिला एका केळ्याचे डोळे लावायला दिले. तिने त्याला मिठाईच्या कागदाची टोपी घातली, नाव ठेवलं आणि कुणालाही ते खाऊ दिलं नाही.

आमचा खाऊ फोटोतल्यासारखा होत नाही. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही. ते फोटो मोठ्या माणसांनी, शांत स्वयंपाकघरात, चिमट्याने डोळे लावून काढलेले असतात. मुलाने लावलेले डोळे मूल पाठ फिरवताच सरळ करू नका, त्याला ते कळतं आणि पुढच्या वर्षी ते ओट्याजवळ येत नाही. कुणी एका कोळ्याला अकरा पाय लावले तर लावू द्या. वाटलं तर दोघांनी मिळून खऱ्या कोळ्याचे पाय मोजा.

वितळलेलं चॉकलेट, अर्धे डोळे, बिस्किटांचा चुरा उरतो. त्याचं काय करू?

बटर पेपरवर सगळं चॉकलेट पातळ पसरा. मुलांना वाट्या देऊन उरलंसुरलं हवं तसं शिंपडू द्या: चुरा, डोळे, प्रेत्झेलचे (खाऱ्या, कुरकुरीत बिस्किटांचे) तुकडे, तुटके पाय. फ्रिजमध्ये घट्ट झालं की हाताने मोडून तुकडे करा आणि प्रत्येकाला एका पुडीत घरी न्यायला द्या. पुडीवर नाव मुलानेच लिहायचं, आणि आत काय काय आहे ते खाली तुम्ही.